डायरेक्ट केलेलं विमान

विमानाला धक्का मारता येत नाही. हे वाक्य मी नोकरीत जितक्या वेळा बोलले, तितक्या वेळा देवाचं नाव घेतलं असतं तर आज आमच्या तापीकाठच्या प्रकाशा गावी, घाटावर माझा मठ असता. संपादकांनी फोनवर सांगितलं, ‘ताई, कामातल्या गमतीजमती लिहा, दिवाळीत लोकांना हलकंफुलकं लागतं.’ गमती आहेत, सांगते. पण माझा राग अजून गेलेला नाही आणि तो जावा अशी माझी इच्छाही नाही, तेवढं सांभाळून घ्या.

मी विमानाची वायरवाली. सरकारी लायसन्सवर लांबलचक हुद्दा आहे, पण काम म्हणजे बॅटरी, अल्टरनेटर, वायरी, आणि पायलटसमोर जे जे दिवे लागतात ते ते. विमान उडायला योग्य आहे अशी सही मी केल्याशिवाय ते हलायचं नाही, निदान कायद्याने तरी. शेजारची काकू आईला विचारायची, “तुन्ही आंडेर तठे काय करस व?” आई ऐटीत सांगायची, “ईमानन्या बॅटऱ्या भरस!” आंडेर म्हणजे मुलगी. एवढ्या शिक्षणाची आईने एका वाक्यात वाट लावली, असं मला तेव्हा वाटायचं. पुढे जे झालं त्यानंतर आईचंच बरोबर वाटायला लागलं.

मोठ्या शहरांत नोकरी करून मी परत आले, कारण आमच्या शहादा तालुक्यात कपाशी आणि पपईच्या वावरांच्या मधोमध एक धावपट्टी झाली होती. खासगी फ्लाइंग स्कूल. मुलं-मुली तिथे छोट्या विमानांवर शिकायची. दोन नवी विमानं होती, आणि ती दोन्ही माझ्या ताब्यात.

आता थोडं इंजिनाचं सांगते, घाबरू नका. जुन्या छोट्या विमानांची इंजिनं अडाणी पण इमानदार. त्यात मॅग्नेटो नावाची वस्तू असते, ती इंजिनाबरोबर फिरता फिरता स्वतःची ठिणगी स्वतः पाडते. जुन्या मोपेडसारखं. बॅटरी मेली, दिवे गेले, रेडिओ गेला, तरी इंजिन चालतच राहतं. नव्या इंजिनाचं तसं नाही. ते एका कॉम्प्युटरच्या सांगण्यावर चालतं. इंधन किती सोडायचं, कधी सोडायचं, सगळं तो ठरवतो. विमान त्यामुळे सोपं होतं, इंधन कमी पितं, शिकणाऱ्या पोरांना एकच दांडा पुढे-मागे करायचा असतो. पण त्या कॉम्प्युटरला वीज लागते. म्हणजे इंजिन अल्टरनेटर फिरवणार, अल्टरनेटर वीज देणार, वीज कॉम्प्युटरला जगवणार आणि कॉम्प्युटर इंजिनाला. साखळी कुठेही तुटली की सगळेच खाली बसले.

विद्यार्थ्यांना मी हे घरातल्या उदाहरणाने सांगायचे. संध्याकाळी लाईट नुसती डुचकी मारून, म्हणजे क्षणभर जाऊन, परत येते. पंख्याला त्याचं काहीच वाटत नाही, तो फिरतच असतो. पण टीव्हीचा सेट-टॉप बॉक्स? तो मेला. आता तो पहिल्यापासून सुरू होणार, फिरतं चाक दाखवणार, आणि तोवर मालिकेतल्या सासूने सुनेला काय सुनावलं ते तुम्हाला कळणार नाही. जुनं इंजिन म्हणजे पंखा. नवं इंजिन म्हणजे सेट-टॉप बॉक्स. मुख्य बॅटरी भरलेली असली तर ती अशी डुचकी लागूच देत नाही, मध्ये पडून धक्का सोसते. तीही गेली तर कॉम्प्युटरपुरती एक छोटी राखीव बॅटरी असते, थोडा वेळ जगवणारी, तेवढ्यात पायलटने खाली उतरायचं. नव्या इंजिनाला मी नावं ठेवत नाही. ते चांगलंच आहे. पण त्याचे दोन नियम आहेत आणि दोन्ही बॅटरीचे आहेत.

नियम म्हटलं की आमच्याकडे लोकांना हसू येतं.

आमच्या भागात एक शब्द आहे, ‘डायरेक्ट’. शेतातल्या मोटरीचा स्टार्टर सारखा ट्रिप होतो? स्टार्टर काढा, वायरी सरळ जोडा, डायरेक्ट. फ्यूज उडतो? जाड तार घाला, डायरेक्ट. ट्रॅक्टरची चावी हरवली? डायरेक्ट. मोटर ट्रिप का होते, फ्यूज का उडतो, हे विचारायचं नाही. राखण करणारी वस्तू भुंकली की तिलाच हाकलून द्यायचं. मोटर जळते तेव्हा म्हणायचं, कंपनीच भंगार आहे. मी शेतकऱ्याच्या घरातली आहे, वडिलांच्या केळीच्या बागेत हे सगळं पाहिलंय, म्हणून मला बोलायचा अधिकार आहे.

आणि गंमत अशी, की डायरेक्टला जात-पात, शिक्षण काही आडवं येत नाही. एक हौशी बागायतदार स्वतःचं दोन सीटचं विमान घेऊन आमच्याकडे आले होते. ‘उडताना मध्येच कधीतरी इंजिन गचके खातं, बघा जरा.’ मी पॅनल उघडलं तर आत सारंगखेड्याची जत्रा! मोबाईलचे चार्जर, गाण्यांचा डबा, पायाशी निळ्या दिव्यांची माळ, आणि या सगळ्याच्या वायरी इंजिनाच्या कॉम्प्युटरला जाणाऱ्या वायरीवरच सोलून गुंडाळलेल्या, वर काळी टेप. मी म्हटलं, “हे कोणी केलं?” तर हसतमुखाने म्हणाले, “मीच करेल शे ताई. मन्हा ट्रॅक्टरले बी असंच शे, कधी तकलीफ नही.” मी म्हटलं, “भाऊ, ट्रॅक्टर बंद पडला तर तुम्ही खाली उतरून बिडी ओढता. इथे कुठे उतराल?” ते जे हसले ते थांबेचनात. ती माळ मी त्यांच्या देखत कापली, तेव्हा कुठे थांबले.

त्यांचा मला राग आला नाही. त्यांना माहीत नव्हतं आणि सांगितल्यावर त्यांनी ऐकलं. राग येतो तो ज्यांना माहीत होतं त्यांचा.

आमच्या शाळेचे चीफ, म्हणजे मुख्य प्रशिक्षक, बाहेरून आलेले, उडण्याचा भरपूर अनुभव असलेले, इंग्रजी फर्डं. सगळं आयुष्य जुन्या इंजिनांवर गेलेलं. इथली एकच गोष्ट त्यांनी मनापासून आत्मसात केली, ती म्हणजे डायरेक्ट हा शब्द. त्यांच्या तोंडी तो फार शोभून दिसायचा. ग्राउंडवरची सगळी कामं रतनबापू करायचे. विमान ओढणं, इंधन भरणं, धावपट्टीवरची कुत्री हाकलणं. प्रकाशाचेच, वडिलांच्या ओळखीतले, म्हणून मला ताई म्हणायचे आणि वयाने मोठे म्हणून मी त्यांना बापू. बापूंचा स्वतःचा एक जुना ट्रॅक्टर होता. त्याची बॅटरी कधीचीच मेलेली. बापू तो रोज उतारावर लावायचे आणि सकाळी ढकलून सुरू करायचे. मी टोकलं की म्हणायचे, “ताई, एकदाव चालू व्हयना मंग बॅटरी कसाले लागस?” एकदा सुरू झाल्यावर बॅटरी कशाला, हे ट्रॅक्टरपुरतं खरंही होतं.

त्या हिवाळ्यात एका विमानाची राखीव बॅटरी माझ्या चाचणीत नापास झाली. चाचणी साधी असते. विमान जमिनीवर, इंजिन चालू, मग मुख्य बॅटरी आणि अल्टरनेटर दोन्ही बंद करायचे. राखीव बॅटरीच्या जिवावर इंजिन चालत राहिलं पाहिजे. आमचं इंजिन फट्‌दिशी बंद पडलं. मी विमानाला लाल पट्टी बांधली, म्हणजे उडवायचं नाही, आणि नवी बॅटरी मागवायला सांगितलं. चीफ म्हणाले, “मॅडम, ती तर स्टेपनी आहे. स्टेपनी नाही म्हणून कोणी गाडी घरी ठेवतं का?”

मी म्हटलं, “सर, ही स्टेपनी नाही. हा दुसरा श्वास आहे.”

“तुम्ही फार नाटकी बोलता,” असं म्हणून ते चहा प्यायला गेले.

नेमकं तेव्हाच आईला चिंचपाड्याच्या दवाखान्यात दाखल करावं लागलं आणि मी रजेवर गेले. जाताना लाल पट्टी जागेवर आहे हे हात लावून बघून गेले.

पुढचं मी नंतर जुळवलेलं. मी गेल्यावर शाळेत कोणी बडे पाहुणे आले. त्यांना आणि त्यांच्याबरोबरच्या गोतावळ्याला विमानात बसून फोटो काढायचे होते. फोटोत पायलटसमोरचे स्क्रीन उजळलेले दिसायला हवेत म्हणून विमानाची वीज चालू ठेवली, इंजिन बंद. एकेकजण आत बसतोय, टोपी सरळ करतोय, हसतोय. दुपारभर हे चाललं. कोणीतरी जाताना वीज बंद करायचीही विसरलं. आता राखीव बॅटरी आधीच मेलेली आणि मुख्य बॅटरीही रिकामी. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मनीषा वसावेचं एकटीने उडायचं ठरलेलं.

मनीषा सातपुड्याकडच्या गावची. वडील आश्रमशाळेत मास्तर. विमान शिकायला आलेली त्यांच्या सगळ्या खोऱ्यातली पहिली पोर. मला शंका विचारायची ती नेहमी तारांबद्दल. “मॅडम, आमच्याकडे लाईटच इतकी जाते की मला तिचा स्वभाव कळतो,” असं म्हणायची. तिला मी जीव लावला होता, उगाच लपवत नाही.

त्या सकाळी विमान सुरू होईना. चीफनी बापूंना सांगितलं, “बापू, काहीतरी डायरेक्ट करा.” रस्त्यावर उसाचा ट्रक उभा होता. बापूंनी त्याच्या बॅटऱ्या मागून आणल्या, जाड वायरींनी जोडल्या, इंजिन सुरू झालं, बापूंनी वायरी काढून घेतल्या. टाळ्याही वाजल्या म्हणे. नव्या इंजिनाचा पहिला नियम हाच की मुख्य बॅटरी रिकामी असताना असं बाहेरच्या विजेवर सुरू करून उडायचं नाही. आधी बॅटरी नीट भरायची, मगच उडायचं. तो नियम विमानाच्या पुस्तकात आहे आणि ते पुस्तक चीफच्याच कपाटात होतं.

मनीषाने विचारलं, “सर, मॅडमची लाल पट्टी होती ना?”

“मॅडमशी माझं बोलणं झालंय.”

झालं नव्हतं. मी दवाखान्यात आईच्या उशाशी होते, फोन चालू होता, कोणाचाही आला नाही.

ती पोर तरीही राखीव बॅटरीची चाचणी करायला निघाली, कारण उडण्याआधी ती पास झालीच पाहिजे हा दुसरा नियम आहे आणि मी तिच्या डोक्यात ती कोरून ठेवली होती. चीफ खिडकीशी येऊन म्हणाले, “ती टेस्ट आज सोड. इंजिन बंद पडलं तर परत ट्रक बोलवावा लागेल.”

हे वाक्य परत वाचा. इंजिन बंद पडेल म्हणून चाचणी करू नकोस. अहो, चाचणी असते कशासाठी? जमिनीवर बंद पडायला नको, म्हणून मग वर पडू दे? हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा तळपायाची आग मस्तकात गेली. ज्या माणसाने हजार वेळा विमान उतरवलं, त्याने हे म्हणावं? आणि शिकणाऱ्या पोरीने गुरूला नाही कसं म्हणायचं, हे आपण पोरींना कधी शिकवलंय का?

विमान उडालं. थोडं वर गेल्यावर तिने पंखांच्या मागच्या पट्ट्या वर घेतल्या, म्हणजे फ्लॅप. त्यांना विजेची मोटर असते, ती एकदम करंट ओढते. अल्टरनेटर आधीच रिकामी बॅटरी भरता भरता मेटाकुटीला आलेला. विजेने डुचकी मारली. मध्ये पडून धक्का सोसणारं कोणी नव्हतं. सेट-टॉप बॉक्स मेला. तो परत सुरू व्हायला जो वेळ लागतो तेवढी उंची तिच्याजवळ नव्हती.

तिने जे केलं ते बरोबर केलं. मागे वळून धावपट्टी गाठायचा मोह टाळला, नाक खाली घेतलं, उजवीकडची केळी सोडली, समोरचा ऊस ओलांडला आणि हरभऱ्याच्या वावरात उतरली. पुढचं चाक बांधात अडकून मोडलं, विमान आडवं फिरलं. हरभरा खुडणाऱ्या बायांनी तिला बाहेर काढलं, एकीने लुगड्याचा पदर फाडून तिचा हात गळ्यात बांधला. गळ्याजवळचं हाड मोडलं होतं. जीव वाचला.

आणि वर्तमानपत्रात काय आलं? ‘शिकाऊ वैमानिकेच्या चुकीमुळे विमान कोसळले.’ शाळेने चौकशीला दिलेलं म्हणणं तर त्याहून सरस. पोरीने घाबरून इंजिनाचा दांडा मागे ओढला. म्हणजे इंजिन तिनेच बंद केलं! हे एकदा कागदावर पक्कं झालं असतं तर तिला परत कोणी विमानाच्या पायरीवरही उभं केलं नसतं. गळ्यात बांधलेला हात घेऊन ती माझ्या घरी आली. रडली नाही. म्हणाली, “मॅडम, मी दांडा ओढला नाही. पण आता मलाच वाटायला लागलंय की ओढला असेल.” तिचे वडील दारातच उभे राहिले, चप्पल काढून, आत या म्हटलं तरी येईनात. त्यांना वाटत होतं की पोरीने एवढ्या मोठ्या लोकांचं विमान मोडलं. या माणसाने शरमून उभं राहावं आणि चीफनी खुर्चीत बसावं!

चौकशीच्या अधिकाऱ्यांना मी लाल पट्टीचं सांगितलं. चीफ म्हणाले, पट्टी नव्हती, मॅडम रजेवर होत्या, त्यांना काय माहीत. राखीव बॅटरीचं सांगितलं, तर म्हणाले, ती अपघातात निकामी झाली असेल. ट्रकच्या बॅटऱ्यांबद्दल तर कोणी तोंडच उघडेना. टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी एकालाही काही आठवत नव्हतं. सगळ्यांना नोकऱ्या होत्या.

मग बापू उठले. त्यांना कोणी बोलावलंही नव्हतं, ते चहा द्यायला आत आले होते. ट्रे टेबलावर ठेवला आणि म्हणाले, “साहेब, ईमान मीच चालू करं. ट्रकन्या बॅटऱ्या लाईसन. चीफ साहेबनी सांगं, डायरेक्ट करा, मी करी टाकं. लाल पट्टी बी मन्हाच हातखाल सोडाई लिधी. पोरना काय दोष नही. मले काय मालूम, आते ईमानना जीव बी बॅटरीमा ऱ्हास?”

अधिकाऱ्यांना अहिराणी अर्धवट कळत होती, म्हणून मी भाषांतर करून सांगितलं. शेवटचं वाक्य मी दोनदा सांगितलं.

मनीषा सुटली. निष्कर्षात विजेचं सगळं आलं, दांड्याची गोष्ट थाप ठरली. बरं झालं असं म्हणून मी इथे थांबले असते तर संपादकांना हवा तसा लेख झाला असता. पण पुढे ऐका. शाळेने कारवाई केली. ‘अनधिकृतपणे बाह्य बॅटरी जोडल्याबद्दल’ कोणाला काढलं? बापूंना! चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हेच. चीफ स्वतः होऊन दुसऱ्या शाळेत गेले. तिथे ते नव्या मुलांना सुरक्षेवर व्याख्यान देतात असं ऐकते, आणि मला त्या मुलांची काळजी वाटते. मी बापूंसाठी भांडले, अर्ज दिले, वरपर्यंत गेले. ‘मॅडम, तुमचं काही नाही ना, मग कशाला?’ असं मला सांगण्यात आलं. मी राजीनामा दिला. त्याने कोणाचं काही अडलं नाही, उलट त्यांना मोकळं वाटलं असावं.

परवा तिथल्या नव्या तंत्रज्ञाला सहज फोन केला. दुसऱ्या विमानाची राखीव बॅटरी कशी आहे विचारलं. म्हणाला, “कमजोर झालीय मॅडम, मागवलीय. तोवर चालवतोय.” तोवर! मी त्याला जे सुनावलं ते दिवाळी अंकात छापता येणार नाही. तक्रार मात्र लेखी केली आहे, जिथे करायची तिथे.

मनीषाने दुसरीकडे शिक्षण पूर्ण केलं. आता ती मोठ्या विमानात उजव्या सीटवर, को-पायलट म्हणून, बसते. मध्ये सुट्टीत आली तेव्हा म्हणाली, “मॅडम, बापूंकडे जाऊ.” आम्ही प्रकाशाला गेलो. बापू वावरात होते. तिला बघून त्यांनी हात धुतले, टॉवेलला पुसले, तरी तिच्यापासून जरा लांबच उभे राहिले. तिने वाकून नमस्कार केला तर मागे सरले. “नको पोर, मन्हा पाय नको पडू. मन्हा हातखालच तू गयती.”

तिने इकडे तिकडे पाहिलं. बापूंचा जुना ट्रॅक्टर उभा होता, पण नेहमीच्या उतारावर नाही. सपाट जागेवर, निंबाखाली. माझ्याही ते तेव्हाच लक्षात आलं.

“बापू, आता ढकलणार कोण याला?” मी विचारलं.

बापूंनी पुढे होऊन सीटखालचं झाकण उचलून दाखवलं. आत नवी कोरी बॅटरी होती, दोन्ही टोकांना नीट वंगण लावलेली, पट्ट्याने घट्ट आवळलेली.

“नोकरी गयी त्याच महिनामा बसाडी,” बापू म्हणाले. “आते मी डायरेक्ट काहीच करत नही, ताई.”